हॉटेलात ठरायच्या गोष्टी

पालशेतकरांची भांडणं घरात होत आणि निर्णय हॉटेलात. हा नियम विमलाबाईंनी घालून दिलेला होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. रत्नागिरीची जमीन विकायची की ठेवायची, मोठ्या गुणवंतने बदली घ्यायची की नाकारायची, धाकट्या दिपेशला दुकान काढून द्यायचं की नोकरीला चिकटवायचं, हे सगळं साठ फुटी रोडवरच्या हॉटेल नंदिनीत, कोपऱ्यातल्या टेबलाशी ठरलं होतं. घरात आवाज चढतो, चारचौघांत चढत नाही, असं त्याचं कारण सांगितलं जाई. पालशेतकर पुरुषांचा चढलेला आवाज ज्यांनी ऐकला होता, त्यांना हे कारण ताबडतोब पटत असे.

त्यामुळे सुदर्शन सोसायटी पाडून नवी बांधायचं नक्की झालं आणि नव्या घराचे दोन नकाशे हातात पडले, तेव्हा गुणवंतने सवयीने जाहीर केलं, "शनिवारी संध्याकाळी नंदिनीत. दिपेशलाही बोलावतो."

नकाशांत फरक एवढाच होता, की पहिल्यात स्वयंपाकघर ऐसपैस होतं. दुसऱ्यात ते आक्रसलं होतं आणि वाचलेल्या जागेत एक चिमुकली खोली निघाली होती. एक खाट आणि एक खुर्ची मावेल, एवढीच. तिला एक खिडकी होती आणि एक दार होतं.

मृणालिनीने तो दुसरा नकाशा पाहिला आणि तिचा जीव त्या खोलीत अडकला. लग्न होऊन ती या घरात आली त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. दार लावून बसता येईल अशी जागा तिला या घरात एकच मिळाली होती, ती म्हणजे बाथरूम, आणि तिथेही कोणी ना कोणी कडी वाजवून "अजून किती वेळ?" विचारत असे. बेडरूममध्ये गुणवंतची कपाटं होती आणि गुणवंतचं घोरणं होतं. हॉलमध्ये सासूबाईंचा दिवाण आणि त्यांचा टीव्ही. स्वयंपाकघर तेवढं तिचं, असं सगळे म्हणत. पण स्वयंपाकघराला दार नव्हतं.

तिला ती खोली इतकी हवी होती, की तसं बोलायचीही तिला भीती वाटत होती. हॉटेलात सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. हॉटेलात तिलाही सगळ्यांसारखी खुर्ची असते, आणि तिथे "जरा पाणी दे गं" असं तिला कोणी म्हणत नाही.

शनिवारी सगळे नटूनथटून निघाले. विमलाबाईंनी ऐंशीव्या वर्षीही नारायणपेठ नेसली होती. काशीमीऱ्याहून दिपेश आला होता; त्याचं तिथे ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि अंगाला ऑइलचा वास येऊ नये म्हणून तो एवढं अत्तर मारायचा, की दोन्ही वास वेगवेगळे येत. मुलगा पराग आणि सून संपदा आपापल्या फोनमध्ये बघत मागून येत होते.

नंदिनीपाशी पोचले आणि वरात थांबली. हॉटेलच्या जागी एक खिडकी होती. खिडकीमागे फळ्या, फळ्यांवर खाकी पिशव्या. बाहेरच्या बाकावर हेल्मेटवाले चौघे फोनकडे डोळे लावून बसले होते. कोपऱ्यातल्या टेबलाच्या जागी आता एक भलाथोरला फ्रीजर घरघरत होता.

"टेबल किधर गया?" गुणवंतने खिडकीत तोंड घालून विचारलं.

गल्ल्यावर हॉटेलमालक अण्णांचा मुलगा होता. "टेबल तो कबका निकाला, अंकल. बैठनेवाला कोई आता नहीं था. अभी ओन्ली पार्सल."

"अरे, ऐसा कैसा? हमको बताया क्यूं नहीं?"

"आपको मालूम नहीं?" तो खरोखरच चकित झाला. "आपके घर तो हफ्ते में चार बार ऑर्डर जाता है. पालशेतकर, सुदर्शन, बी विंग, चटणी एक्स्ट्रा."

सगळ्यांनी पराग-संपदाकडे पाहिलं. पराग म्हणाला, "चटणी एक्स्ट्रा बाबांची असते." गुणवंत रस्त्यावरची रहदारी न्याहाळू लागला. नंदिनीचा घास पोटात गेल्याशिवाय या घराचा आठवडा जात नव्हता, आणि नंदिनी आहे की नाही हे मात्र कोणी येऊन बघितलं नव्हतं.

"चला हायवेला," दिपेश म्हणाला. "आपल्या ओळखीचं हॉटेल आहे. फॅमिली सेक्शन वेगळा."

"जिथे फॅमिलीला वेगळं बसवावं लागतं, तिथे मी येत नाही," विमलाबाई म्हणाल्या.

संपदाने स्टेशनजवळचा एक कॅफे सुचवला. तिथे गाणी इतकी मोठ्याने लावतात की ऐकू येत नाही, म्हणून गुणवंतने तो बाद केला. वास्तविक त्याला तिथल्या उंच स्टुलांवर चढता येत नसे. शेवटी तोच म्हणाला, "घरीच मागवू. कोणाला काही करायलाच नको."

घरी म्हटल्यावर खुर्ची गेली, हे मृणालिनीला तिथेच कळलं.

घरी येऊन प्रत्येकाने आपापल्या फोनवरून आपापलं मागवलं. पूर्वी एक हॉटेल ठरवण्यावरून तासभर वाद व्हायचा, तो आता मिटला होता; सहा तोंडांना पाच दुकानं होती. दिपेशने तंदुरी, परागने मोमो, संपदाने पानाफुलांचं काहीतरी, गुणवंतने निवृत्तीनंतर जडलेली चायनीज भेळ. विमलाबाईंना नंदिनीचीच इडली. "मलाही इडलीच सांगा," मृणालिनी म्हणाली. मग दोन्ही नकाशे टीपॉयवर पसरले गेले. ती दिवाणाच्या कडेला बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला काय वाटतं, की..."

बेल वाजली. मोमो आले होते.

"आई, वाफेने पार लिबलिबीत झालेत. जरा तव्यावर टाकतेस?" पराग म्हणाला.

ती उठली ती उठलीच. मोमो तव्यावर पडले तोवर तंदुरी आली. दिपेशला तिच्याबरोबर चिरलेला कांदा नि लिंबू लागे. भेळ आली तिला वाडगा हवा होता. इडलीच्या पिशवीत चटणीची पुडी फुटली होती, आणि विमलाबाई प्लॅस्टिकच्या डब्यातून जेवत नसत, म्हणून इडल्या स्टीलच्या भांड्यात काढायच्या नि चटणी नव्याने वाटायची. कोणाला काही करायला नको म्हणून मागवलेल्या जेवणासाठी मृणालिनी नारळ फोडत होती.

बाहेर सभा सुरू झाली होती. ती कान देऊन ऐकत होती.

"मोठं किचनच," परागचा आवाज आला. "आजकाल मधोमध ओटा असतो, काका. आयलंड म्हणतात."

"मधोमध ओटा? मग काय प्रदक्षिणा घालायची?" गुणवंत म्हणाला. "पण मोठं हवं, हे खरं. घराला घरपण येतं. फोडणीचा वास आला पाहिजे."

या घरात फोडणीचा वास शेवटचा कधी आला, ते मृणालिनीला आठवेना. सकाळी पोळ्या ती करायची, बाकीचं सगळं बेल वाजवून येत असे. आयलंड मागणाऱ्या परागला अंडं उकडल्याचं कळत नसे. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात.

"आणि गणपती?" दिपेश तावात आला होता. "पन्नास पानं उठतात आपल्याकडे. ती काय मोरीत शिजवणार?"

"पन्नास पानं केटररकडून येतात, भावोजी," ती आतून म्हणाली. "मोदक खारीगावच्या शेवंतीबाईंकडून." पण नेमका तेव्हाच तिने मिक्सर लावला होता. तो थांबला तेव्हा विषय पुढे गेला होता.

आता संपदा बोलत होती. "मला दुसरा नकाशा बरा वाटतो. ती छोटी खोली आहे ना."

मृणालिनीचा हात भांड्यावरच थांबला. सून आपल्या बाजूची निघावी, याहून मोठं भाग्य नसतं. पण संपदा पुढे म्हणाली, "माझ्या मीटिंग्ज तिथून होतील. मागे पुस्तकांचं कपाट लावायचं, म्हणजे कॅमेऱ्यात छान दिसतं." भाग्य तेवढ्यावरच आटोपलं.

"अगं, तू मघाशी मोठं किचन म्हणालीस," पराग दुखावला होता.

"मघाशी तू एअर फ्रायर घेतो म्हणालास. आता म्हणतोयस नको."

"आई, तुझं काय?" गुणवंतने विचारलं.

"स्वयंपाकघर लहान असलं की लक्ष्मी दारातूनच परत जाते," विमलाबाई म्हणाल्या. त्यांच्या सासूने सांगितलेलं वाक्य होतं. विचार न करता म्हणता येत असे.

"मग ठरलं," गुणवंत म्हणाला. "मोठं किचन. पराग, सेक्रेटरीला मेसेज टाक." आणि आत तोंड करून मोठ्या उदारपणे त्याने हाक दिली, "ऐकलंस का गं? तुझ्यासाठी मोठं किचन घेतोय."

मृणालिनी दोन्ही हातांत ताटं घेऊन स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि हसूही. तिच्या आयुष्याचा निर्णय झाला होता आणि तो होत असताना ती चटणी वाटत होती.

तिने सासूबाईंचं आणि आपलं ताट मांडलं. बाकीच्यांचं निम्मं जेवण उरकलं होतं. तिच्या इडल्या गार झाल्या होत्या. त्या गरम करायला ती वळली, तेवढ्यात विमलाबाई म्हणाल्या, "बस."

"आले. जरा गरम करून..."

"बस म्हणते ना. संपदा, तू जा. मृणालच्या इडल्या गरम कर, सांबारही कर. आणि परागा, तो मेसेज टाकू नकोस. हिला कोणी विचारलंय का?"

"आई, तिच्याचसाठी तर..." गुणवंत म्हणाला.

मृणालिनी खुर्चीवर बसली. "मला मोठं किचन नको," ती म्हणाली. "मला ती खोली हवी. मला. मीटिंगला नको आणि पाहुण्यांना नको."

दिपेशने पहिल्यांदा सावरून घेतलं. "शिवणकाम सुरू करताय होय, वहिनी? मशीन मी आणून देतो."

"नाही."

"ध्यान वगैरे?" पराग म्हणाला. "सॉलिड आहे, आई. ॲप आहे त्याचं."

"नाही रे."

"ट्यूशन घे," गुणवंत म्हणाला. "तुझं गणित चांगलं होतं. पण मग खोली कशाला, हॉलमध्येच..."

"मला तिथे काही करायचं नाहीये," ती म्हणाली. "दार लावून बसायचंय. दुपारी पडेन. नाहीतर नुसती खिडकीतून बघेन."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

हे कोणाच्याच पचनी पडेना. बाईने काही करायचं म्हटलं असतं तर त्यांनी कौतुक केलं असतं, वेळ पडली तर वर्गणीही काढली असती. काहीच न करण्यासाठी खोली मागणं म्हणजे उपवासाला कोंबडी मागण्यातला प्रकार होता.

"वहिनी, राग मानू नका," दिपेश म्हणाला, "पण बसायला हॉल आहे की."

"हॉलमध्ये बसले की तुम्ही चहा मागता."

"तर काय, मागू नये?"

"मागा हो. म्हणून तर दार हवंय."

गुणवंतचा आवाज चढू लागला. "म्हणजे आम्ही छळतो तुला? तीस वर्षांत एकदा तरी..." मग त्याचा त्यालाच आवाज ऐकू आला. "बघ आई, म्हणून मी म्हणत होतो, घरात या गोष्टी ठरत नाहीत. नंदिनीत असतो तर सगळं शांतपणे झालं असतं. तू नियम केलास तो उगीच नाही."

विमलाबाई इडलीचा तुकडा चटणीत बुडवत होत्या. तो खाऊन होईपर्यंत त्या थांबल्या. "तुम्हाला मी नंदिनीत कशाला न्यायची, माहीत आहे का?"

"आवाज चढू नये म्हणून."

"गरम इडली खायला मिळावी म्हणून."

गुणवंत आणि दिपेश एकमेकांकडे बघू लागले.

"तुझ्या वडिलांना नुसतं हॉटेलात चला म्हटलं असतं, तर आले असते?" विमलाबाई म्हणाल्या. "घरात काय उपाशी ठेवतात का, म्हणाले असते. मग मी म्हणायची, अहो, एक मोठा निर्णय घ्यायचाय. की लगेच शर्ट घालून तयार. निर्णयाचं नाव काढलं की पुरुषमाणूस कुठेही येतो."

"पण जमीन..." गुणवंत म्हणाला.

"जमीन तुम्ही विकणारच होता. दोघांचं ठरलेलं होतं, मला का दिसत नव्हतं? पण माझ्या इडलीला काय त्याचं."

"माझी बदली?"

"तेव्हा उत्तप्पा खावासा वाटत होता."

दिपेशने तंदुरीचा तुकडा खाली ठेवला. "आई, माझं दुकान?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "तू म्हणालीस, दिपाच्या भवितव्याचा प्रश्न आहे, आजच बसलं पाहिजे. अख्खा धंदा उभा राहिला माझा त्यावर."

"तेव्हा त्यांनी म्हैसूर मसाला नवीन सुरू केला होता," विमलाबाई म्हणाल्या. "पण तुझं चांगलंच झालं ना बाबा त्यात."

संपदा आतून इडल्या घेऊन आली होती ती हसून हसून भिंतीला टेकली. पराग हसू की नको अशा तोंडाने बापाकडे बघत होता. गुणवंतचं तोंड मात्र कौटुंबिक इतिहासाचा पायाच कोणी काढून घेतल्यासारखं झालं होतं.

"हसू नका," विमलाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. "घरात मी कधी गरम खाल्लं नाही. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं, तेही ओट्याशी उभ्याने. त्या टेबलाशी मी बसलेली असायची आणि दुसरं कोणीतरी उभं राहून मला विचारायचं, आपको क्या चाहिए. मला रडायला यायचं तेव्हा. तुम्हाला वाटायचं, जमिनीसाठी रडतेय."

मृणालिनीने सासूकडे पाहिलं. इतकी वर्षं एका ओट्याशी दोघी वावरल्या, पण हे त्या कधी बोलल्या नव्हत्या आणि हिनेही कधी विचारलं नव्हतं. तिला एकदम त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

"मी तुमच्याकडून एवढे निर्णय करून घेतले ते एका ताटासाठी," विमलाबाई गुणवंतला म्हणाल्या. "ही तर सरळ मागतेय. देऊन टाक. स्वस्तात सुटतोयस."

"पण आजी, लक्ष्मी दारातून परत जाईल ना?" परागने विचारलं.

"लक्ष्मीला काय हौस आहे स्वयंपाकघरात यायची? तिला चार हात आहेत, कोणीतरी भांडी घासायला लावेल."

संपदाने इडल्यांचं ताट मृणालिनीसमोर ठेवलं आणि शेजारीच बसली. "मी बेडरूममध्ये टेबल लावीन, आई. कपाट दिसलं तर दिसलं." पराग काही म्हणणार होता, तिने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने फोन काढला. सेक्रेटरीला दुसरा नकाशा पक्का कळवला. दिपेशनेही मान हलवली, त्याचं मन अजून म्हैसूर मसाल्यात होतं. राहता राहिला गुणवंत.

तो बराच वेळ भेळेत चमचा फिरवत होता. "मला सांगितलं असतंस," शेवटी तो म्हणाला.

"आता सांगितलं ना."

"बरं," तो म्हणाला, आणि तो खरोखर बरं म्हणाला होता. पण पालशेतकरांच्या घरात जागा मोकळी झाली असं कळलं की राहवत नाही. लगेच त्याने सुरुवात केली, "म्हणजे खोली तुझी, प्रश्नच नाही. फक्त वरच्या माळ्यावर माझ्या जुन्या फायली..."

"मी कधी मुक्कामाला आलो तर तिथे खाट आहेच," दिपेश म्हणाला.

"रिकामा कोपरा असेल तर माझी सायकल..." पराग म्हणाला.

इमारत अजून पाडायचीही होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मृणालिनीने इडलीचा पहिला घास घेतला. वाफ होती अजून. "त्या दाराला आतून कडी हवी," ती परागला म्हणाली. "तेही सेक्रेटरीला कळव."

परागने कळवलं.

मग दिपेशला आईच्या ताटातली इडली उचलावीशी वाटली. "वहिनी," तो नेहमीच्या सुरात म्हणाला, "जरा साजूक तूप असलं तर..."

मृणालिनीचे गुडघे आपोआप हलले. खुर्ची सरकली. मग तिने ती पुन्हा जवळ ओढून घेतली. "आत आहे, भावोजी," ती म्हणाली आणि सांबारात चमचा बुडवला.

दिपेशने दादाकडे पाहिलं. दादाने परागकडे पाहिलं. पराग अचानक सेक्रेटरीच्या उत्तराची फार काळजीपूर्वक वाट बघू लागला. विमलाबाई कोणाकडेच बघत नव्हत्या. शेवटी गुणवंत उठला, घसा खाकरला आणि आत गेला. डब्यांची झाकणं वाजू लागली. एक कपाट उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. काहीतरी खाली पडलं आणि गडगडत गेलं.

"अगं, कुठे ठेवलंयस?" आतून त्याचा आवाज आला. "इथे काहीच सापडत नाहीये."

मृणालिनीने मान वर केली. सांगायला तिचं तोंड उघडलंही होतं. विमलाबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"एवढ्याशा स्वयंपाकघरात सापडत नाहीये," त्या म्हणाल्या, "आणि म्हणे मोठं हवं होतं. तू जेव."